अव्वाच्या नाती

संक्रांतीला काळं घालायला मुभा असते, म्हणून भाचीच्या काळ्या टी-शर्टाकडे आधी कुणाचं लक्षच गेलं नाही. पुण्याहून सकाळच्या गाडीनं आली, बॅग सोफ्यावर टाकली आणि तिळगूळ तोंडात कोंबत आईच्या पाया पडायला वाकली. उभी राहिली तेव्हा आईला छातीवरची पांढरी इंग्रजी अक्षरं दिसली. "काय गं लिहिलंय एवढं मोठं?" भाचीनं जरा ऐटीतच मराठी करून सांगितलं, "ज्या चेटकिणींना तुम्ही जाळू शकला नाहीत, त्यांच्या आम्ही नाती." मला वाटलं आता आई भडकणार, सणासुदीला हे काय अभद्र म्हणून. आई भडकली नाही. ताटलीतला हलवा बोटानं एका बाजूला सारत बसली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "अव्वाची नात कुठं असेल गं आता?"

काय माहीत, असं काहीतरी पुटपुटून मी स्वयंपाकघरात गेले. तव्यावरची गुळाची पोळी एका बाजूनं करपली होती.

अव्वा म्हणजे आमच्या उत्तर कसब्यातल्या वाड्याची सुईण. अव्वा हे काही तिचं नाव नव्हे, कानडीत आईला म्हणतात. सोलापुरात निम्म्या म्हाताऱ्या कुणाच्या ना कुणाच्या अव्वा असतात. तिचं खरं नाव मला कधी कळलं नाही. हे लिहायला बसले तेव्हा आईला विचारलं, तर तिलाही सांगता येईना. वाड्यातली आम्ही अकरा पोरं तिच्या हातावर जन्मलो आणि तिचं नाव अकरातल्या एकालाही ठाऊक नाही. मागच्या बोळात पत्र्याच्या खोलीत ती आणि तिची एक नात राहायच्या. नात माझ्याच वयाची. माझे आखूड झालेले फ्रॉक तिच्या अंगावर दिसायचे आणि मला उगीचच राग यायचा, जसे काही तिनं ते चोरलेच होते.

दिवसभर अव्वा विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं. नजर रस्त्यावर, तोंडानं कुणाशी तरी भांडण चालू, आणि बोटं आपली आपण पान गुंडाळून, दोरा मारून, अंगठ्याच्या नखानं विडीचं तोंड मिटवून मोकळी. कुणाच्या घरून निरोप आला की सूप नातीच्या मांडीवर द्यायचं, हात राखेनं खसाखसा घासायचे आणि निघायचं. बाळंतिणीच्या खोलीत शिरल्यावर आधी शेगडीवर तळवे शेकायची. गार हात पोटाला लावायचा नाही, पोर दचकतं, म्हणायची. मग डोळे मिटून पोटभर हात फिरवायची आणि सांगायची, आडवं आहे, का पायाळू आहे, का सुटायला अजून अवकाश आहे. कळा देताना बाई किंचाळायला लागली की तिच्या कानाशी एकच शब्द: "अंजबेड, अंजबेड." भिऊ नको. आईला कानडी येत नाही, पण हा शब्द येतो. माझ्या वेळी रात्रभर ऐकला होता म्हणे.

एवढं सगळं करून अव्वाचा चहाचा कप वेगळा होता. कान तुटलेला, मोरीवरच्या फळीवर पालथा घातलेला. चहा वरून ओतायचा. ज्या हातांनी तिनं माझ्या आजीची चार बाळंतपणं केली, त्या हातांना आजीनं कप कधी हातात दिला नाही, खाली ठेवला. अव्वा विधवा, त्यामुळे संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिला बोलावण्याचा प्रश्नच नव्हता. बारशाच्या दिवशी तिला लुगडं-खण, पसाभर ज्वारी आणि नारळ मिळायचा, तोही मागल्या दारी. मला तेव्हा यात काहीही वावगं वाटलं नाही. कप फळीवर असतो तसा अव्वाचा कप त्या फळीवर असतो, इतकंच.

संध्याकाळी आम्ही तिघी होम मैदानाकडे निघालो. गड्ड्याची, म्हणजे ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांच्या जत्रेची गर्दी, पाळण्यांचे दिवे, भज्यांचा आणि धुळीचा मिळून होणारा तो वास, ज्याला मी वर्षभर आसुसलेली असते. भाची चालता चालता मला टी-शर्टाचं पुराण सांगत होती. १९६८च्या ३१ ऑक्टोबरला न्यूयॉर्कमध्ये काही बायकांनी चेटकिणीचा वेश करून वॉल स्ट्रीटला शाप दिला, तिथून हे सुरू झालं. मग सत्तरच्या दशकात म्हटलं जाऊ लागलं, की युरोपात जाळलेल्या चेटकिणी म्हणजे खरं तर सुइणी आणि झाडपाला जाणणाऱ्या वैदू बायका होत्या. पुरुष डॉक्टरांना आणि चर्चला त्यांचं ज्ञान खुपत होतं. म्हणजे चेटकीण ही शिवी नाही, वारसा आहे. मलाही ऐकायला छान वाटलं. कुणाला नाही वाटणार? आपल्याकडची चेटकीण म्हणजे पिकलेल्या केसांची, वाकड्या नाकाची, पोरं पळवणारी. बालनाट्यात तर ती भूमिका पुरुष नटानं करायची आणि पोरांनी टाळ्या पिटायच्या. त्या बाईला कुणी आजी म्हणून जवळ घेतलं तर बरंच की.

पण मी थोडं वाचलेलं होतं, आणि मावशी असल्यामुळे ते सांगितल्याशिवाय मला राहवेना. नंतरच्या इतिहासकारांनी खटल्यांचे कागद उघडून पाहिले तेव्हा चित्र बरंच वेगळं निघालं. ९० लाख बायका जाळल्या असं छापून येत राहिलं, तो आकडा खरा ४० ते ५० हजारांच्या आसपास येतो. मारल्या गेलेल्यांत पुरुषही होते. सुइणी होत्या, पण थोड्या. बहुतेक साध्या, गरीब, उतारवयाच्या, शेजाऱ्यांशी कशावरून तरी बिनसलेल्या बायका. आणि त्यांच्यावर बोट ठेवणारे पाद्री आणि न्यायाधीश पुष्कळदा नंतर आले, आधी आले शेजारी. शेजारणीसुद्धा. अमेरिकेतल्या सेलम गावात १६९२ साली १९ जणांना फाशी दिलं. तिथं जाळलं कुणालाच नाही, ही टी-शर्टवाल्यांची एक चूक. पण माझ्या मनातून न जाणारी गोष्ट दुसरीच आहे. तिथले पहिले आरोप मुलींनी केले. एक नऊ वर्षांची होती, एक अकराची.

"तू ना मावशी, सगळ्याची मजा घालवतेस," भाची म्हणाली.

मी नऊ वर्षांची होते, हे मी तिला सांगितलं नाही.

तेवढ्यात नंदीध्वज आले. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, खांद्यावर त्या प्रचंड काठ्या तोलत, आणि "एकदा भक्तलिंग हर्र, बोला हर्र" अशी आरोळी उठली की अंगावर शहारा येतोच, कितीही वर्षं ऐकलेली असो. मग होम. सिद्धरामेश्वरांवर मन जडलेली कुंभाराची मुलगी, रोज पहाटे त्यांच्या अंगणात सडा-सारवण करायची. त्यांनी तिला सांगितलं, माझ्या योगदंडाशी लग्न कर. आदल्या दिवशी संमती कट्ट्यावर त्या लग्नाच्या अक्षता पडतात, आणि संक्रांतीला तिची नटवलेली प्रतिमा होमात जाते. लहानपणापासून मी हे भक्तिभावानं बघत आले आहे, आजही हात आपोआप जोडले गेले. भाची माझ्या कानाशी लागून म्हणाली, "हिलाही जाळतातच की." आईनं ऐकलं. "देवी आहे ती," आई तुटकपणे म्हणाली. दोघींचंही मला पटलं. जाळाच्या उजेडात आईचा चेहरा तांबूस दिसत होता आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं, धुरानं असेल.

आता ते सांगायला हवं.

१९७८चा उन्हाळा. काकूचं पहिलं बाळंतपण, मुलगा झाला. आठव्या दिवशी तो गेला. आधी त्यानं दूध ओढायचं सोडलं, मग जबडा घट्ट मिटला, मग जरा भांडं वाजलं तरी त्याचं एवढंसं अंग मागे वाकायचं, ताणलेल्या धनुष्यासारखं. धनुर्वात हा शब्द किती नेमका आहे ते मला फार पुढे कळलं. त्या वेळी घरात कुणी तो उच्चारला नाही. बायकांनी "नजर" म्हटलं, कुणीतरी "सटवाईनं नेला" म्हटलं. आज मला ठाऊक आहे की अव्वा नाळ कापून बेंबीवर चुलीतली राख दाबायची, आणि तिचं पातं पाण्यानं धुतलेलं असायचं, उकळलेलं नव्हे. काकूला गरोदरपणी धनुर्वाताची सुई कुणी दिलेली नव्हती. ती सुई खेडोपाडी पोचायला पुढे कित्येक वर्षं लागली. बाळंतिणीचा आणि नवजात बाळाचा धनुर्वात देशातून हटला यावर २०१५मध्ये शिक्कामोर्तब झालं. म्हणजे बाळ गेलं त्यात अव्वाच्या हाताचा दोष असू शकतो. हे मला लिहिताना जड जातं, पण आजीबाईंच्या ज्ञानाची आरती ओवाळायची तर ही राखही ताटात ठेवली पाहिजे. पहिलं चिकाचं दूध पिळून टाका म्हणणारीही तीच होती.

आणि नवव्या दिवशी सकाळी पदरात मोगऱ्याची फुलं घेऊन आलेलीही तीच. बाळ गेलं तरी दूध कुठं थांबतंय? काकूची छाती दगडासारखी झाली होती, तिला हात खाली घेता येत नव्हता. अव्वानं एक शब्द न बोलता फुलं पसरली, वरून जुन्या धोतराची पट्टी घट्ट बांधली, आणि तिच्याजवळ भिंतीला टेकून बसून राहिली. अख्ख्या अंधाऱ्या खोलीत मोगऱ्याचा दरवळ आणि काकूचं ते हुंदक्याशिवायचं रडणं. आजही गजरा विकत घेताना माझा हात अडखळतो. पुढे कधीतरी वाचलं, की वेल्लोरच्या डॉक्टरांनी १९८८ साली हाच उपाय दूध बंद करण्याच्या गोळीच्या शेजारी ठेवून तपासला, आणि दूध थांबवण्यात मोगरा गोळीला उणा पडला नाही. वाचलं तेव्हा मला आनंद झाला आणि लगेच राग आला, की अव्वाला हे सांगायला मी कुठं जाऊ.

त्याच संध्याकाळी आजी, आत्याबाई आणि शेजारच्या दोघी ओसरीवर कुजबुजत बसल्या होत्या. कुणीतरी म्हणालं, करणी असल्याशिवाय असं धडधाकट पोर जात नाही. कुणाची करणी, याचा अंदाज चालला होता. मी जवळच सागरगोटे खेळत होते. मोठ्यांच्या बोलण्यात आपल्याकडेही काही आहे, असं वाटण्याचा तो एक क्षण असतो पोरांच्या आयुष्यात. मी म्हटलं, "अव्वा त्या रात्री परसात खड्डा करून काहीतरी पुरत होती. मी बघितलं."

मी बघितलं होतं. कंदील ठेवून, पेरूच्या झाडाखाली, मडक्यात काहीतरी. खोटं एक अक्षर नव्हतं त्यात.

ती वार होती. बाळंतपणानंतर वार पुरायची ती सुईणच. हळदकुंकू वाहून, वर दगड ठेवून, कुत्र्यानं उकरू नये म्हणून. माझीही त्याच पेरूखाली असणार. मला नऊ वर्षांच्या पोरीला हे माहीत नव्हतं, पण ओसरीवरच्या चारही बायकांना माहीत होतं. आजीला तर सगळ्यांत जास्त, कारण खड्ड्याला कुदळ तिनंच काढून दिली होती. मी आजीकडे बघितलं. आजीनं पदर तोंडाला लावला आणि काही बोलली नाही. मी पुष्कळ वर्षं त्या गप्प राहण्याचा अर्थ लावत आले. नातवाचं दुःख होतं, सून आत तळमळत होती, आणि कुणाला तरी बोल लावायला मिळाला असता तर श्वास तरी घेता आला असता. ते सगळं खरं. पण कुदळही खरी.

पुढचं फार भयंकर काही झालं नाही, म्हणजे मारहाण वगैरे. कान तुटलेला कप आत्याबाईंनी दगडावर फोडला. अव्वा आली की दार लोटलं जायचं. आम्ही पोरं तिच्या पत्र्यावर खडे मारून पळायचो. एक-दोन खडे माझे आहेत. तिच्या नातीनं एकदा दारातून माझ्याकडे पाहिलं, अंगात माझाच पिवळा फ्रॉक. पावसाळ्याच्या आत दोघी कुठं तरी निघून गेल्या, कुणी म्हणालं इंडीकडे लेकीकडे, कुणी म्हणालं विजापूरला. वाड्यातली पुढची बाळंतपणं सिव्हिलला झाली. त्यात वाईट काहीच नाही, पोरं जगली. आणि आजी दर अमावास्येला आमची दृष्ट काढताना जे म्हणायची, त्यात एक नवी ओळ शिरली. आल्यागेल्याची, पाप्या-चांडाळाची, भुताखेताची, घरच्याची, दारच्याची, मागल्या बोळातल्या रांडमुंडीची, जळून जावो, इडा पिडा टळो. आजी गेल्यावर आई तसंच म्हणायला लागली. माझ्या मुलाची दृष्ट काढताना मीही म्हटलेलं आहे, पाठांतर असतं तसं, बोळ नाही, अव्वा नाही, वाडाही नाही, तरी.

म्हणून तो टी-शर्ट मला टोचतो. सातपुड्यात, नंदुरबारकडे अजून बाईला डाकीण ठरवतात. झारखंडच्या छुटनी महतोंना १९९५मध्ये गावानं डायन म्हणून हाकललं. त्यांनी पुढं आयुष्यभर अशा बायकांना सोडवलं आणि २०२१मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांनी तो शब्द छातीवर मिरवला असता का? मला नाही वाटत. त्यांची सगळी लढाई तो शब्द कुणाच्या तोंडी येऊ नये यासाठी. आपल्याकडे डॉ. दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्याच्या अनुसूचीत एक कलम असं आहे की अमकी व्यक्ती करणी करते, मंत्रानं जनावराचं दूध आटवते, असं सांगून तिच्याविषयी संशय पसरवणं हा गुन्हा. वाचताना मी त्या ओळीपाशी थांबले होते. ओसरी, सागरगोटे, चार बायका. आम्ही सगळ्या त्या कलमात बसत होतो. आणि भाचीच्या टी-शर्टाला मात्र हक्काची आजी हवी आहे, जाळलेली, शहाणी, निर्दोष. आम्ही कुणाच्या नाती आहोत ते मला तरी पक्कं माहीत आहे. कुदळ काढून देऊन गप्प बसलेलीच्या.

अर्थात भाची चोवीस वर्षांची आहे. गर्दीत कुणी धक्का मारला तर वळून कॉलर धरते. तिला त्या वाक्यातून बळ मिळत असेल तर मी कोण ते काढून घेणारी.

घरी परतलो तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते. वाड्याच्या जागी बिल्डिंग झाली त्याला पंधरा वर्षं झाली. पेरू होता तिथं पार्किंग आहे. स्कूटर लावताना रोज मला फरशीखालचं आठवतं असं नाही, त्या रात्री आठवलं. वर आल्याबरोबर आईनं गॅसवर तवा ठेवला. एवढ्या गर्दीतून पोरगी फिरून आली, दृष्ट काढल्याशिवाय झोपू देणार नाही, हे ठरलेलं. भाची हसत हसत भिंतीकडे पाठ करून पाटावर बसली. तिच्या काळ्या टी-शर्टाला होमाच्या धुराचा वास येत होता.

आईनं दोन्ही मुठींत मीठ, मोहरी, लाल मिरच्या घेतल्या आणि सुरुवात केली. आल्यागेल्याची, पाप्या-चांडाळाची, भुताखेताची. मुठी भाचीच्या डोक्यावरून पायापर्यंत उतरत होत्या, तिच्या ऐंशीच्या वयाला हात किंचित थरथरत होते. घरच्याची, दारच्याची. आणि तिथं त्या मुठी भाचीच्या खांद्यापाशी थांबल्या.

"आजी, पुढचं विसरलीस?" भाचीनं विचारलं.

"नाही," आई म्हणाली.

राहिलेला फेरा तिनं मुक्यानंच पुरा केला आणि मुठी तव्यावर रित्या केल्या. मोहरी तडतडली, मिरच्या काळवंडल्या, आणि तो खाट असा काही उठला की तिघींनाही एकदमच ठसका लागला. भाची डोळे पुसत, हसत म्हणाली, "ठसका लागला म्हणजे दृष्ट नव्हती ना गं आजी?" आई खोकत खोकतच खिडकी उघडायला गेली.